सॅटेलाइट फोनच्या कंपन्या, त्यांचं कर्ज आणि आपण: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकतीस वर्षं मी बँकेच्या कर्ज विभागात काढली, त्यातली बहुतेक सोलापुरात. चादरी आणि टॉवेलचे कारखाने, गिरण्यांना सुटे भाग पुरवणारे, ट्रकवाले अशांचे प्रस्ताव तपासायचे आणि पैसे परत येतील का ते सांगायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर लोक कागद घेऊन घरी येतात. गेल्या वर्षभरात त्यात एक नवा विषय आला आहे, उपग्रहाचा फोन. कुणाला शेअर घ्यायचा असतो, कुणाला एजन्सी हवी असते, कुणाला आखातातून फोन मागवायचा असतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो.

सॅटेलाइट फोन म्हणजे नेमकं काय? आमच्या मोबाइललाही नकाशासाठी सॅटेलाइट लागतोच की.

नकाशासाठी मोबाइल फक्त ऐकतो. उपग्रह वरून वेळ सांगत राहतात, मोबाइल त्यावरून जागा काढतो. सॅटेलाइट फोन वर उत्तरही पाठवतो, मधे टॉवर नसतो. उपग्रह दोन तऱ्हांनी ठेवतात. ३५,७८६ किलोमीटरवर ठेवला तर तो आपल्याला आकाशात एका जागी उभा दिसतो आणि थोडक्या उपग्रहांत काम भागतं, पण बोलणं उशिरा पोचतं. इनमारसॅट आणि थुराया या कंपन्या या तऱ्हेच्या. इरिडियम या अमेरिकी कंपनीचे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवर आहेत. तिथला उपग्रह दहाएक मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, म्हणून एकामागे एक असे ६६ लागतात.

मग हळूहळू वाढवत नेता येत नाही का? सगळा पैसा आधीच का लागतो?

हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो विचारणारे एक कारखानदार होते आणि त्यांनी स्वतःचा धंदा तसाच वाढवला होता. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, माणूस आधी दुसऱ्याच्या मागावर राबतो, मग स्वतःचे दोन माग टाकतो. ते चालले की चार, मग आठ. पहिल्या दोन मागांवरचा टॉवेल पहिल्या महिन्यातच विकला जातो. बँकेलाही सोपं जातं. मी तपासणीला जायचो तेव्हा शेडच्या बाहेर दोन मिनिटं नुसता उभा राहायचो. आतल्या खडखडाटावरून किती माग चालू आहेत याचा अंदाज यायचा, मग विजेचं बिल आणि सुताची बिलं त्याच्याशी ताडून बघायची. गडबड असेल तर तिथंच कळायची.

६६ उपग्रहांच्या जाळ्यातले ३० वर गेले तर ३० उपग्रहांचा धंदा होत नाही. फोन थोडा वेळ लागतो, थोडा वेळ लागत नाही, आणि असा फोन पैसे देऊन कुणी घेत नाही. म्हणजे पहिलं बिल फाडायच्या आधी जवळजवळ सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं.

दुसरी अडचण आयुष्याची. दुरुस्ती करत माग वर्षानुवर्षं चालतो. इरिडियमचे पहिले उपग्रह पाच ते आठ वर्षं टिकतील या हिशोबाने बनवले होते. ते पुढे त्याहून बरेच जास्त टिकले, पण कर्ज मागताना कागदावर पाच ते आठच होतं. पहिलं कर्ज फिटायच्या आधीच दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांचा पैसा उभा करायचा असतो.

आणि तारण. माग बुडीत गेला तर लिलाव होतो, काहीच नाही तर लोखंडाच्या भावाने भंगारात जातो. वर फिरणारा उपग्रह जप्त करून आणणार कुठे? तो चालवायला जमिनीवरची केंद्रं, माणसं, परवाने हे सगळं जिवंत लागतं. कंपनी बंद पडली की तारणाची किंमत शून्यावर येते, शिवाय उपग्रह सुरक्षितपणे खाली पाडायचा खर्च वेगळा.

इरिडियम एवढी गाजली, मग बुडाली कशी?

कल्पना मोटोरोलाच्या अभियंत्यांची, १९८७ ची. सेवा सुरू झाली १ नोव्हेंबर १९९८ ला. १३ ऑगस्ट १९९९ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मधे साडेनऊ महिनेसुद्धा नाहीत. खर्च झाला होता सुमारे ५०० कोटी डॉलर.

लोक म्हणतात तंत्रज्ञान फसलं. तसं झालं नाही, फोन लागत होता. चुकलं ते बाजाराचं गणित. १९८७ मध्ये जगात मोबाइलचे टॉवर थोडे होते, एका देशाचा फोन दुसऱ्या देशात सहसा चालत नव्हता. फिरत्या धंदेवाईक माणसाला जगभर चालणारा एक फोन हवा असेल, हा अंदाज तेव्हा चूक नव्हता. पण उपग्रह बांधून वर जाईपर्यंत अकरा वर्षं गेली आणि तेवढ्यात जमिनीवर टॉवर उभे राहिले. ज्या गिऱ्हाइकाकडे पैसे होते तो मोठ्या शहरांत राहत होता आणि तिथं टॉवर पोचला होता. जिथं टॉवर नव्हता तिथल्या माणसाकडे ३,००० डॉलरचा हँडसेट आणि मिनिटाला काही डॉलरचा दर परवडेल एवढे पैसे नव्हते. त्यात फोन विटेएवढा, आणि इमारतीत किंवा गाडीत चालत नाही, उघड्या आकाशाखाली यावं लागतं. ज्या साहेबांसाठी तो बनवला त्यांचा दिवस कार्यालयात आणि गाडीतच जात होता.

विक्रीची कथा त्याहून वाईट. जाहिरातीवर सुमारे १८ कोटी डॉलर ओतले. दहा लाखांहून जास्त लोकांनी चौकशी केली. पण प्रत्येक देशात विक्री करणारे भागीदार वेगवेगळे होते आणि त्यांच्यातल्या कित्येकांकडे विक्रीची माणसंच तयार नव्हती. हँडसेटही वेळेवर आले नाहीत. आलेला गिऱ्हाईक दारातून परत गेला. एप्रिल १९९९ मध्ये जेमतेम १०,००० ग्राहक होते आणि बँकांशी झालेल्या करारात आकडा होता २७,००० चा. ऑगस्टमध्ये १५० कोटी डॉलरच्या कर्जाचे हप्ते थकले.

माझं मत विचाराल तर तो करार वाचतानाच धोका दिसायला हवा होता. हप्त्याची तारीख पक्की होती, गिऱ्हाइकाची तारीख कुणालाच माहीत नव्हती. लहान कारखान्याला आम्ही सहा महिने, वर्षभर हप्ते पुढे ढकलून द्यायचो, का तर माल बाजारात बसायला वेळ लागतो. ज्या धंद्याला बसायला पाच-सात वर्षं लागणार होती त्याला इथे महिन्यांची मुदत मिळाली होती.

यात भारतातले पैसे होते का?

होते. भारतातल्या वित्तसंस्थांनी मिळून इरिडियम इंडिया टेलिकॉम उभी केली होती आणि त्या मार्गाने आपल्याकडचे पैसे त्यात गेले. पुढे या कंपनीने मोटोरोलाविरुद्ध पुण्याच्या न्यायालयात फसवणुकीची फौजदारी तक्रार केली. म्हणणं असं की गुंतवणुकीच्या माहितीपत्रात प्रकल्पाचं चित्र दिशाभूल करणारं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि सांगितलं की कंपनी हे माणूस नसलं तरी फसवणुकीसारख्या, मनातला हेतू तपासाव्या लागणाऱ्या गुन्ह्यासाठीही तिच्यावर खटला चालू शकतो. याचा अर्थ आरोप सिद्ध झाला असा नाही, तक्रार पुढे चालवायला हरकत नाही एवढाच. पण वकिलीच्या मुलांना आजही हा निकाल शिकवतात. गुंतवणुकीचं माहितीपत्रक हातात घेणाऱ्यानेही तो लक्षात ठेवावा.

पण इरिडियम आजही चालते ना?

चालते, आणि चांगली चालते. डिसेंबर २००० मध्ये डॅन कोलुसी या उद्योजकाच्या गटाने सगळी मालमत्ता अडीच कोटी डॉलरला घेतली. ५०० कोटींची वस्तू अडीच कोटींना, म्हणजे रुपयाची वस्तू अर्ध्या पैशाला. त्याआधी उपग्रह खाली पाडायची तयारी चालू होती. वाचवलं ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटाने, दोन वर्षांचं, ७.२ कोटी डॉलरचं. डोक्यावर जुनं कर्ज नाही आणि एक मोठा गिऱ्हाईक आधीच बांधलेला. मग साहेब लोकांच्या मागे न लागता जहाजं, विमानं, खाणी, सैन्य आणि दूरवरची यंत्रं अशा, जिथं टॉवर कधीच येणार नाही तिथल्या गिऱ्हाइकांकडे कंपनी वळली. आज तिच्या २० लाखांहून जास्त जोडण्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जोडण्या माणसांच्या नसून यंत्रांच्या आहेत.

पण हे वाचून ‘शेवटी फायदाच झाला’ असं कुणी म्हणू नये. फायदा अडीच कोटी देणाऱ्याचा झाला. ५०० कोटी देणारे गेले ते गेलेच.

ग्लोबलस्टारचं काय झालं?

ही इरिडियमसारखीच दुसरी अमेरिकी कंपनी. सप्टेंबर १९९८ मध्ये कझाकस्तानातल्या बैकानूरहून उडालेलं तिचं एकच रॉकेट फसलं आणि त्यातले १२ उपग्रह एकदम गेले. सगळं जाळं ४८ चं. विमा असला तरी गेलेला वेळ विम्यात मिळत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये दिवाळखोरी, २००४ मध्ये ४.३ कोटी डॉलरला विक्री. २००७ च्या सुमारास उपग्रहांतल्या अँप्लिफायरमध्ये, म्हणजे लहरींचा जोर वाढवणाऱ्या भागात, बिघाड होऊन आवाजाची सेवाच ढासळली. आज ही कंपनी उभी आहे ती ॲपलच्या जोरावर. आयफोन १४ पासूनचा आणीबाणीचा संदेश तिच्याच उपग्रहांवरून जातो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲपलने ४० कोटी डॉलर देऊन तिच्या एका उपकंपनीत २० टक्के हिस्सा घ्यायचं आणि बांधणीसाठी ११० कोटी आगाऊ द्यायचं ठरवलं.

आता या कंपन्यांना पैसा देतं कोण?

साधी बँक एकटी देत नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. पैसा चार वाटांनी येतो.

सगळ्यांत भक्कम वाट म्हणजे निर्यातदार देशाची हमी. २०१० मध्ये इरिडियमला नव्या पिढीचे उपग्रह हवे होते. ते बांधण्याचं कंत्राट फ्रान्समधल्या थालेस अलेनिया कंपनीला मिळालं, म्हणून निर्यातीच्या कर्जाला हमी देणाऱ्या फ्रान्सच्या कोफास या संस्थेने १८० कोटी डॉलरच्या कर्जाला बहुतांश हमी दिली. आपल्या देशातल्या कारखान्याला काम मिळावं म्हणून सरकार जामीनदार राहतं, असा हा प्रकार. जामीनदार एवढा मोठा असल्यावर बँका लांब मुदतीचं कर्ज देतात. २०१७ ते २०१९ मध्ये फाल्कन ९ रॉकेटवरून ७५ उपग्रह गेले, तेही मुख्यतः याच कर्जाच्या बळावर.

दुसरी वाट ॲपलसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेची. आपल्याकडे निर्यातदार परदेशी खरेदीदाराकडून उचल घेतो तशी. तिसरी सरकारची. मार्च २०२० मध्ये वनवेब दिवाळखोरीत गेली तेव्हा ब्रिटन सरकार आणि आपल्या भारती समूहाने प्रत्येकी ५० कोटी डॉलर घातले. (वनवेब फोन देत नाही, इंटरनेट देते, पण पैशाचं दुखणं तेच.) रशियाची रॉकेटं तिला मिळणं २०२२ मध्ये बंद झाल्यावर तिचे ७२ उपग्रह श्रीहरिकोट्याहून इस्रोने दोन खेपांत नेले.

चौथी वाट शेअर बाजाराची आणि सर्वांत निसरडी. एएसटी स्पेसमोबाइल ही अमेरिकी कंपनी एप्रिल २०२१ मध्ये आधीच बाजारात असलेल्या रिकाम्या कंपनीत विलीन होऊन नोंदली गेली, तेव्हा तिचं उत्पन्न नगण्य होतं. असा पैसा नवे शेअर काढत राहून येतो. प्रत्येक वेळी जुन्या भागधारकाचा वाटा थोडा पातळ होतो.

आता साधाच मोबाइल उपग्रहाला जोडला जाणार म्हणतात. मग विटेएवढ्या फोनचं काय?

ही बातमी खरी आहे आणि मोठी आहे. एप्रिल २०२३ मध्ये एएसटीने बाजारात मिळणाऱ्या साध्या सॅमसंग फोनवरून उपग्रहामार्गे बोलणं करून दाखवलं. २४ डिसेंबर २०२५ ला त्यांचा ब्लूबर्ड उपग्रह आपल्याच इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने वर नेला. वजन सुमारे ६,१०० किलो, भारताच्या भूमीवरून गेलेला सर्वांत जड उपग्रह. मला त्याचा अभिमान वाटला.

धंद्याच्या बाजूने बदल असा की हँडसेट विकायची डोकेदुखी जाते. गिऱ्हाईक आधीच मोबाइल कंपनीकडे असतो, उपग्रहवाला घाऊक माल देतो आणि किरकोळ विक्री मोबाइल कंपनी करते. इरिडियमच्या दारातून जो गिऱ्हाईक परत गेला तो इथे परत जात नाही. भारतात एएसटीचा करार व्होडाफोन आयडियाशी आहे. पण सलग सेवेला ४५ ते ६० उपग्रह लागतील असं कंपनीच सांगते, म्हणजे आधी सगळा खर्च, मग उत्पन्न, हे गणित सुटलेलं नाही.

माझा भाचा दुबईत आहे. त्याच्याकडून थुराया मागवू का?

नाही. अजिबात नाही. परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन भारतात आणणं, बाळगणं, वापरणं गुन्हा आहे. विमानतळावर परदेशी पाहुण्यांनाही यासाठी अटक झालेली आहे. भारतात सॅटेलाइट फोनची अधिकृत सेवा बीएसएनएल देते, इनमारसॅटच्या उपग्रहांवरून आणि गाझियाबादच्या केंद्रातून, आणि तिलाही मंजुरीचे कागद लागतात. भाच्याला आजच फोन करून सांगा.

सरकार एवढी बंधनं घालतं म्हणून कंपन्या येत नाहीत का?

थोडं खरं आहे, पण बंधनांमागे कारण आहे. २६/११ चे हल्लेखोर सॅटेलाइट फोन घेऊन आले होते. म्हणून संभाषण भारतातल्या केंद्रातूनच गेलं पाहिजे, कायदेशीर तपासाची सोय हवी, अशा अटी आहेत. त्या पाळायला खर्च येतो आणि तो कंपनीच्या हिशोबात धरावाच लागतो.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती शुल्काची रीत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहाच्या लहरी लिलावाशिवाय द्यायचं ठरवलं. मे २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली की समायोजित, म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या, उत्पन्नाच्या ४ टक्के शुल्क घ्यावं. आपल्या मोबाइल कंपन्यांनी नव्वदच्या दशकात ठरावीक परवाना शुल्काखाली मान टाकली होती. १९९९ च्या धोरणाने उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली आणि मग त्या श्वास घेऊ लागल्या. उत्पन्न आलं तरच शुल्क, ही रीत अशा संथ धंद्याला मानवते.

धाराशिवला उपग्रहाचं इंटरनेट येतंय म्हणे. आपल्याला का नाही?

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रहाचं इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव यांची नावं आहेत. ही छतावरच्या डिशची सेवा आहे, हातातला फोन नाही. इरादापत्र म्हणजे कंत्राटही नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव नसलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सरकार पहिला गिऱ्हाईक होतंय, यातली महत्त्वाची गोष्ट ती आहे.

सीना नदीच्या पुरात सॅटेलाइट फोन असता तर?

सप्टेंबर २०२५ मध्ये माझ्या मेव्हण्याचं घर पाण्यात होतं. संध्याकाळी भाची स्लॅबवरून बोलली, “मामा, गोठ्यात पाणी शिरलंय, दावी सोडलीत.” मग वीज गेली, पुढे टॉवरही गेला. रात्रभर मी तोच नंबर लावत बसलो आणि तीच बाई तेच वाक्य बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून ती सुखरूप असल्याचं कळलं. एक म्हैस गेली.

त्या रात्री गावात एक सॅटेलाइट फोन असता तर उपयोग झाला असता. त्याच्या लहरींना पावसाचा फारसा अडथळा होत नाही. पण तो चार्ज केलेला हवा, उघड्यावर उभं राहून लावता येईल असा माणूस हवा. आणि त्याचं बिल बारा महिने भरायला हवं, गरज मात्र वर्षातल्या दोन रात्रींची. शेतकरी ते भरणार नाही आणि त्याने भरावं अशी अपेक्षाही करू नये. नदीकाठच्या गावांसाठी हा खर्च आपत्ती व्यवस्थापनातून व्हावा, असं मला मनापासून वाटतं. तहसीलच्या बैठकीत मी ते बोललोही आहे. कंपनीलाही असा गिऱ्हाईक हवा असतो, वापर थोडा पण बिल नियमित.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याला काही उपयोग?

नाही. तिथं मोबाइल लागतो.

जिल्ह्याची एजन्सी देतो, पाच लाख अनामत भरा, असा फोन आला. भरू का?

भरू नका. आधी विचारा, दूरसंचार विभागाचा परवाना कुणाच्या नावावर आहे? त्याची प्रत मागा. मग विचारा, हँडसेट कुठला, दर काय, आणि सेवा भारतात आज चालू आहे का? चालू नसलेल्या सेवेच्या एजन्सीला अनामत कशाची? माझ्याकडे आलेल्या एका मुलाने बायकोचे दागिने मोडायची तयारी केली होती. कागद मागितल्यावर समोरच्याने फोन उचलणंच बंद केलं. दागिने वाचले.

अमेरिकी बाजारातून अशा कंपनीचा शेअर घ्यावा का?

घ्या किंवा नका घेऊ, पण चार गोष्टी वाचून घ्या. हातात रोख किती आणि दर तिमाहीला किती जाते, भागाकार केला की किती महिने उरले ते कळतं. कर्जाचा मोठा हप्ता कोणत्या वर्षी येतो. ठरलेले उपग्रह ठरल्या तारखेला गेले का, की तारीख दर अहवालात सरकते. आणि गिऱ्हाईक पैसे देणारे आहेत की नुसते करारावर सही केलेले. शेवटची बाब सगळ्यांत जास्त लपवली जाते. ‘अमुक कोटी ग्राहकांपर्यंत पोच’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे भागीदार मोबाइल कंपनीचे सगळे ग्राहक मोजलेले असतात. त्यातला एकही अजून बिल भरत नसेल.

मुलीच्या लग्नाचे किंवा सोसायटीच्या हप्त्याचे पैसे यात घालू नका.

तुमच्याकडे कागद घेऊन आलो तर बघाल का?

बघतो. पैसे घेत नाही. कंपनीचा शेवटचा वार्षिक अहवाल छापून आणा, त्यात रोख प्रवाहाचं पान असलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ दाखवायला येऊ नका. आणि ज्याच्या नावावर पैसे जाणार आहेत त्याला सोबत आणा. वडिलांचे पैसे असतील तर वडिलांना.